मालक नसलेल्यांची युनियन

मित्रहो, 'आता युनियन कशाला?' असं मला सगळ्यात जास्त कोण विचारतं, तर ॲपवर काम करणारी मुलं. कारखाना नाही, गेट नाही, साहेब नाही, मग भांडायचं कुणाशी? प्रश्न खरा आहे, पण नवा नाही. पुण्याच्या भुसार बाजारातल्या हमालापुढेही तो होता.

सकाळी एका आडत्याची गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल भरायचा. 'हा माझा कामगार' असं तिघांपैकी एकही म्हणणार नाही. पोत्यामागे हमाली हातावर ठेवली की संबंध संपला. पोतं क्विंटलभराचं. पाठ गेली तर घरी बसा. बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवायचे, तिथे हे हमाल पाठी धरून यायचे. ते दुखणं गोळीनं जाणारं नव्हतं. 1950च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली ती त्यातून. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना, एकत्र आणलं. लढे झाले आणि 1969 साली माथाडी कायदा आला.

या कायद्याची रचना नीट समजून घ्या. व्यापाऱ्यानं कायद्यानं नेमलेल्या माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, हमालांच्या टोळीनंही करायची. मजुरी परस्पर हातात द्यायची नाही. ती मंडळात भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही भरायची. टोळीचा हिशेब करून पगार मंडळ देणार. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. म्हणजे एक मालक सापडत नाही ना, मग सगळा बाजार मिळून मालक! शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांच्या संघटनांनी हे मिळवलं. मला याचं फार मोल वाटतं.

आता आपल्या डिलिव्हरीवाल्या मुलाकडे या. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, हप्ता त्याचा. ऑर्डरमागचा दर रात्रीत बदलतो, सकाळी ॲप उघडल्यावर कळतं. कुणा ग्राहकानं तक्रार केली की आयडी ब्लॉक. कारण विचारायला माणूस नाही. चॅटवर तेच ठरलेलं उत्तर पुन्हा पुन्हा येतं. एकट्यानं कितीही हुशारीनं टाइप केलं तरी पलीकडे ऐकणारं कुणी नाही. दोनशे जणांनी एकाच वेळी लॉगआउट केलं, तर मात्र दखल घ्यावी लागते.

'1982चा संप विसरलात का?' असं लोक म्हणतात. नाही विसरलो. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि घरंच्या घरं बसली. पण त्या संपाच्या मुळाशी काय होतं तेही बघा. 1946च्या कायद्यानं एकाच युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला होता आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. कामगाराला स्वतःचा प्रतिनिधी निवडता आला नाही की काय होतं, ते गिरणगावानं भोगलं. दुसरी तक्रार खंडणीची. माथाडीच्या नावावर कामाला हात न लावता पैसे उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, हे खरं आहे. त्यांना आधी संघटनांनीच हाकललं पाहिजे, कारण त्या खऱ्या माथाडीच्या घामावर जगतात.

राजस्थाननं 2023 साली ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला. त्यातही नोंदणी आहे, मंडळ आहे, प्रत्येक व्यवहारामागे शुल्क आहे. आपल्या माथाडी मंडळांची आठवण व्हावी अशीच ती मांडणी आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत. पण मंडळात कंपनीची माणसं बसणार, सरकारची बसणार, तिसऱ्या खुर्चीवर कोण? तुमची संघटना नसेल तर तिथे कुणीतरी नेमलेला माणूस बसेल. म्हणून नोंदणीची वाट बघू नका. आपापल्या भागातल्या मुलांना जमवा आणि पहिल्या दोन मागण्या लिहून काढा: दर बदलायच्या आधी नोटीस आणि आयडी बंद करायच्या आधी सुनावणी.