घोट्यांना लागणारा वारा

हीटर चालू आहे, पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध स्थिरावला आहे, समोरच्या काचेवर गरम हवा येते आहे आणि तरीही चालकाच्या घोट्यांभोवती बोचरा वारा फिरतो आहे. जुन्या स्पोर्ट्स कारमधून हिवाळ्यात प्रवास केलेल्या प्रत्येकाला हा अनुभव ठाऊक असतो.

अशीच एक गाडी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी जीटी. उघड्या टपाची एमजीबी १९६२ साली आली, बंद टपाची जीटी १९६५ साली, आणि इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात हे उत्पादन १९८० पर्यंत सुरू राहिले. आरंभीच्या एमजीबीला हीटर हवा असेल, तर तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे; त्या काळी स्पोर्ट्स कारमध्ये उबेला कितपत मान होता, हे एवढ्यावरून कळते.

हा वारा उभ्या गाडीत सापडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब साधारण ११५ पास्कल असतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होत असल्यामुळे ताशी १०० किलोमीटरला तो ४६० पास्कलच्या आसपास पोहोचतो. हा दाब समोरच्या काचेच्या पायथ्याशी साचतो. दारांच्या काचांलगत मात्र हवा वेगाने सरकत असल्याने तेथे दाब उतरतो. म्हणूनच दाराच्या कडेच्या झिजलेल्या रबरी पट्टीतून, म्हणजे बीडिंगमधून, हवा आत येण्याऐवजी पुष्कळदा बाहेर ओढली जाते, आणि जेवढी हवा तेथून निसटते, तेवढी भरून काढण्यासाठी पायाजवळच्या पत्र्यातली बारीकसारीक भोके कामाला लागतात. थोडक्यात, गारठा एकीकडे लागतो आणि त्याचे मूळ बरेचदा दुसरीकडेच असते.

हे डोळ्यांनी पाहता येते. धावत्या गाडीत दाराच्या पुढच्या टोकाची छोटी तिकोनी काच बोटभर उघडली, तर गिअरच्या दांड्याभोवतीचे चामडे हळूहळू फुगते. काच लावून घेतली की ते पुन्हा खाली बसते.

पहिला संशय हीटरच्या पेटीवर घ्यावा. बाहेरची हवा काचेपुढच्या जाळीतून या पेटीत उतरते आणि झडपांच्या वाटेने काचेकडे किंवा पायांकडे जाते. झडपांच्या कडांना चिकटवलेला फोम काही दशकांत इतका कुजतो, की बोट लावताच त्याचा काळा भुगा हाती येतो. त्यात केबल सैल पडली असेल, तर डॅशबोर्डवरचे बटण बंद दाखवत असतानाही झडप थोडी उघडीच राहते. खात्री करून घेण्यासाठी कोरड्या दिवशी बाहेरची जाळी मास्किंग टेपने पूर्ण झाकून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारावी. वारा थांबला, तर दोष पेटीत आहे. थांबला नाही, तर शोध पुढे न्यावा.

पुढचा शोध अंधारात होतो. गॅरेजचे दिवे मालवून एकाने पायांच्या जागेत डोके घालून आडवे व्हायचे आणि दुसऱ्याने बॉनेटखाली प्रखर विजेरी फिरवायची. इंजिनामागच्या पत्र्यावर एकेक ठिपका उजळू लागतो: स्पीडोमीटरच्या केबलभोवती, चोकच्या तारेपाशी, स्टिअरिंगचा दांडा जेथून आत येतो तेथे. एखादे भोक कधीकाळी बसवलेल्या आणि मग काढून टाकलेल्या दिव्याच्या वायरीचे असते, आणि ते बुजवण्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. जागच्या जागी दिसणारे रबरी ग्रोमेटही, म्हणजे तारांभोवती भोकांत बसवलेल्या कड्याही, नखाने दाबून पाहावे. वाळलेले रबर लगेच तडकते.

ही भोके बुजवणे केवळ सुखासाठी नाही. ज्या वाटेने गार हवा येते, त्याच वाटेने इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. जीटीच्या मागच्या दरवाजाबाबत हा धोका अधिक, कारण धावत्या गाडीच्या पाठीशी कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि एक्झॉस्टचा धूर तेथेच घुटमळतो. कागदाची पट्टी बीडिंगवर धरून दरवाजा लावावा. ती अडखळल्याशिवाय ओढली गेली, तर बीडिंग बदलायला हवी. मात्र उत्साहाच्या भरात दारांच्या तळाची आणि हीटरच्या पेटीची पाणी निचरणारी भोके बुजवू नयेत. त्याची किंमत गंजाने मोजावी लागते.

सगळे नीट बसल्यावर एक नवी अडचण उभी राहते. केबिनमधून हवा बाहेर पडेनाशी होते, हीटरची गरम हवा पुरेशी आत शिरत नाही आणि काचेवर धुके धरू लागते. मग चालक ती तिकोनी काच पुन्हा बोटभर उघडतो. काच स्वच्छ होते, गरम हवा घोट्यांपर्यंत पोहोचते, आणि गिअरच्या दांड्याभोवतीचे चामडे या वेळी जागचे हलत नाही.