प्राग: पहाटेच्या पुलापासून चोविसाव्या तासापर्यंत

(पहाट. नदीवर धुकं. रिकामा पूल.)

प्राग बघायला बाहेर पडायचं ते हॉटेलचा नाश्ता मांडला जाण्याआधी. उन्हाळ्यात इथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि तेव्हा व्ल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल आपला एकट्याचा असतो. दहानंतर याच पुलावर मूर्ती कमी आणि माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.

पुलावर पाऊल ठेवण्याआधी, ओल्ड टाउनच्या टोकाला उजव्या हाताला खाली वाका. घाटाच्या भिंतीत दगडात कोरलेला एक चेहरा आहे. हा ब्रादाच, म्हणजे दाढीवाला. पाणी त्याच्या दाढीला लागलं की नदी गल्ल्यांत शिरणार, एवढा साधा हिशोब. हे शहर नदीला भिऊन वाढलंय. मध्ययुगात ओल्ड टाउनची जमीनच भर घालून उंच केली गेली. त्यामुळे त्या काळच्या घरांचे तळमजले आज तळघरं झालेत आणि त्यांतल्या काहींत लोक बिअर पितात.

(कॅमेरा पुलावरून सरकतो.)

जुना युदिता पूल १३४२ च्या पुराने मोडला. राजा चौथ्या कार्लने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. लांबी ५१६ मीटर, रुंदी सुमारे १०, कमानी १६. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० मूर्ती आणि मूर्तिसमूह आहेत. बहुतेक आता प्रतिकृती, कारण वालुकाश्म हवेत झिजतो.

डाव्या कठड्यावर, विविध देशांच्या पेहरावातल्या पुरुषांनी तोलून धरलेला संत दिसला की थांबा. हे फ्रान्सिस झेवियर. ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे, तेच. शिल्पकार ब्रोकोफने १७११ मध्ये घडवलेली मूळ मूर्ती १८९० च्या पुरात नदीत पडली. वाहून आलेले ओंडके कमानींना अडले, पाणी तुंबलं आणि तीन कमानी कोसळल्या.

पुढे उजवीकडे संत यान नेपोमुत्स्की, १६८३ ची ब्राँझची मूर्ती. पुलावरच्या संतांच्या मूर्तींत ही सगळ्यात जुनी. खालच्या उठावचित्रांच्या पट्ट्यांवर हात घासून लोकांनी त्या लखलखीत केल्यात, त्यांतला कुत्रासुद्धा सोडलेला नाही! खरी खूण थोडी अलीकडे, कठड्यावर आहे: पाच ताऱ्यांचा छोटा ब्राँझचा क्रूस. १३९३ मध्ये नेपोमुत्स्कीला इथून नदीत टाकलं, असं मानतात.

(ट्राम. चढ.)

पूल ओलांडल्यावर किल्ल्याकडे चालत चढू नका. मालोस्त्रान्स्के नामेस्ती इथून २२ नंबरची ट्राम घ्या आणि प्राझ्स्की ह्राद थांब्यावर उतरा. मग उरलेला दिवस उताराचा. कागदी तिकीट असेल तर आत शिरताच पिवळ्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट खिशात असूनही दंड भरणारे पर्यटक इथे रोज सापडतात.

गर्दी व्हायच्या आत, नऊच्या आधी पोहोचा. रविवारी संत व्हीट कॅथीड्रल पर्यटकांना दुपारी उघडतं. तो दिवस टाळलेला बरा. कॅथीड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं. आत डाव्या बाजूला चित्रकार अल्फोन्स मुखाची खिडकी आहे. इतर खिडक्यांत रंगीत काचांचे तुकडे जोडलेत, इथे काचेवर रंगवलंय. मग जुना राजवाडा. व्लादिस्लाव दालनात शिरणारा जिना रुंद आणि बसक्या पायऱ्यांचा आहे, कारण दालनात होणाऱ्या स्पर्धांतले सरदार घोड्यावरूनच वर यायचे. लगतच्या खोलीच्या खिडकीतून १६१८ मध्ये सम्राटाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस खाली फेकले गेले. तिघेही वाचले. युरोपला मात्र तीस वर्षांचं युद्ध लागलं.

पूर्वेच्या फाटकाने जुन्या पायऱ्या उतरलं की नदीपाशी येतो. पुढे कांपा बेट. ऑगस्ट २००२ च्या पुरात हे सगळं पाण्याखाली होतं. आता धोका दिसला की काठाने धातूचे अडसर उभे करतात.

जेवणाबद्दल दोन शब्द. ओल्ड टाउनच्या चौकातल्या ठेल्यांवर भाजलेल्या हॅमची किंमत १०० ग्रॅमची असते आणि ताटात पडतो तो तुकडा बराच जड. वजन आधी विचारा. "जुना चेक पदार्थ" म्हणून विकला जाणारा गुंडाळीचा ट्रदेल्निक गोड लागतो, जुना मात्र नाही. पैसे बदलताना फसलात तर पावती टाकू नका: १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करायचा हक्क कायदा देतो.

(पुन्हा ओल्ड टाउन. खगोलीय घड्याळ. जवळून.)

दर तासाला इथे गर्दी जमते ती येशूच्या बारा प्रेषितांच्या बाहुल्या पाहायला. खेळ मिनिटभराचाही नाही. मान वर असते, खिसे मोकळे राहतात, आणि खिसेकापूंना वेळापत्रक पाठ असतं. तास वाजून गेल्यावर या.

१४१० चं हे यंत्र. तबकडीमागे एका आसावर तीन चाकं: ३६५, ३६६ आणि ३७९ दात्यांची. फिरवणारी दातेरी चक्री तिन्हींना सारखीच, म्हणून दाते कमी तितका वेग जास्त. ३६५ चं चाक राशिचक्र फिरवतं, ३६६ चं सूर्य, ३७९ चं चंद्र. त्या एका दात्याच्या फरकाने सूर्य वर्षभरात बाराही राशी फिरून येतो. पंचांग पाहणाऱ्याला इथे एक गोष्ट खटकेल: इथला सूर्य मकरेत डिसेंबरातच शिरतो, आपली संक्रांत जानेवारीत. हे राशिचक्र सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं आहे, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून.

बाहेरचं काळं कडं १ ते २४ आकड्यांचं. हे तास मध्यरात्रीपासून नव्हे, सूर्यास्तापासून मोजतात, आणि सूर्यास्ताबरोबर कडंही वर्षभर थोडं थोडं सरकत राहतं. संध्याकाळी, सूर्य छपरांमागे जाईल त्या वेळी, सोनेरी हाताकडे बघा. तो २४ वर आलेला असतो.