अंधार नेमका कुठून सुरू होतो?

मंडळी, नमस्कार. विषय जाहीर झालाय तो असा: 'ग्राफिक्स कार्डचा डिस्प्ले येत नसेल तर काय करावं'. तो मी घेणार आहे, पायरीपायरीने घेणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती मला कित्येक वर्षं टोचते आहे.

दुरुस्तीला आलेल्या संगणकाच्या पेटीला, म्हणजे कॅबिनेटला, एक चिठ्ठी बांधलेली असते. त्या चिठ्ठीवर 'बिघाड' असा रकाना असतो आणि त्या रकान्यात दोन शब्द लिहिलेले असतात: 'नो डिस्प्ले'. आता मला सांगा, डॉक्टरांनी केसपेपरवर रोगाचं नाव म्हणून 'अंगात कणकण' असं लिहिलं तर आपण त्यांच्याकडून औषध घेऊ का? कणकण कशाची आहे ते शोधायलाच तर आपण गेलेलो असतो. पडदा काळा आहे हे घरातलं लहान पोरही सांगेल. दुरुस्ती करणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा: अंधार कोणत्या क्षणी सुरू झाला? पहिल्यापासूनच होता, की कंपनीचं चिन्ह दिसून मग पडदा मावळला? की तासभर चालून गेला? या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धी तपासणी उरकते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

हे नीट कळायला बटण दाबल्यावर आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणू. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो आणि मग मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, 'वीज ठीक आहे' असा इशारा देतो. एवढ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. मग प्रोसेसर जागा होतो, बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, वाचू लागतो. मग रॅमची पाळी. डीडीआर ५ रॅम नवी बसवली असेल तर पहिल्या वेळी या टप्प्यावर काही मिनिटं जाऊ शकतात. पडदा काळा, पंखे फिरतायत, आणि आत सगळं सुरळीत चाललंय! घाबरून मध्येच बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. रॅम झाली की स्लॉटमध्ये कोण कोण बसलंय याची हजेरी होते. ग्राफिक्स कार्डने 'हजर' म्हटलं की त्याच्या स्वतःच्या चिपमधला छोटा प्रोग्राम चालतो. कार्ड मग केबलमधून मॉनिटरला विचारतं, बाबा, तू कोण, तुला किती बाय किती चालतं? मॉनिटर आपली माहिती पाठवतो आणि तेव्हा कुठे पहिलं चित्र उमटतं.

म्हणजे चित्र ही या सगळ्या मालिकेतली शेवटची गोष्ट. आधीचं काहीही अडलं तरी आपल्याला दिसतं ते सारखंच, काळा पडदा. आणि दोष कोणाच्या माथी जातो? कार्डाच्या. कारण पेटीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात महाग वस्तू तीच असते आणि चित्राशी तिचं नाव जोडलेलं असतं.

पूर्वी हे इतकं अवघड नव्हतं. व्हीजीए ही मॉनिटरची जुनी जोडणी आली १९८७ साली. त्या केबलला १५ पिना, आणि लाल, हिरवा, निळा या रंगांना आपापली वेगळी पिन. निळ्याची तार तुटली की सगळा पडदा पिवळा दिसायचा. तो पिवळा रंग पाहिला की आम्ही कॅबिनेट उघडतच नसू, थेट केबल हातात घ्यायचो. बिघाड स्वतःच स्वतःचं नाव सांगत होता. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट या नव्या जोडण्यांचं तसं नाही. तिथे आधी दोन्ही टोकांचं बोलणं जमावं लागतं, मगच चित्र. बोलणं फिसकटलं की पिवळं नाही, धुरकट नाही, काहीच नाही. आणि गंमत अशी की या काळातच केबलवर संशय घ्यायची सवय आपण सोडून दिली.

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला तो प्रसंग सांगतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतः जुळवून संगणक तयार केला होता. त्रिमितीय मॉडेलिंगचं काम करायची, प्रकल्प जमा करायची तारीख डोक्यावर होती. तिचा त्रास असा: सकाळी संगणक पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा, दिवसभर उत्तम चालायचा. दुपारी बंद करून पुन्हा लावला की पडदा काळा. पंखे फिरायचे, दिवे लागायचे, चित्र नाही. कधी पाचव्या वेळी यायचं, कधी यायचंच नाही.

तिने कॅबिनेट एका दुरुस्तीच्या ठिकाणी नेलं. तिथे लावलं तर लगेच सुरू! दहादा बंदचालू केलं, दहादा चित्र आलं. त्यांनी सांगितलं, एसएमपीएस कमी पडतोय, घरच्या विजेवर दम धरत नाही. एसएमपीएस बदलला. घरी आणलं, तेच. पुन्हा नेलं. आता निदान झालं की कार्ड तापल्यावर दगा देतं. कार्ड बदलून मिळालं. घरी आणलं, तेच! तिसऱ्यांदा सांगितलं की मदरबोर्डचा स्लॉट खराब आहे. चिठ्ठीवर तिन्ही वेळा तेच दोन शब्द. 'सकाळी येतो, दुपारी येत नाही' हे तिने दर वेळी तोंडाने सांगितलं होतं. ते लिहायला चिठ्ठीवर जागाच नव्हती. ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि मला खरंच संताप आला.

मंडळी, नवं कार्ड लावूनही जो बिघाड जसाच्या तसा राहतो, तो कार्डाचा नसतो. आणि जो बिघाड तिकडे दिसत नाही, घरी दिसतो, त्याचा अर्थ कारण घरीच राहिलंय. तिकडे काय गेलं होतं? फक्त कॅबिनेट. घरी काय राहिलं? मॉनिटर आणि केबल.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. संगणक बंद केला, कॅबिनेटची पिन भिंतीतून काढली. मदरबोर्डवरचा दिवा हळूहळू विझला. काचेच्या बाजूने आत पाहत होतो. खोलीत उजेड कमी होता म्हणून दिसलं, नाहीतर नसतं दिसलं. कार्डाच्या कडेला एक बारीकसा दिवा मिणमिणत होता. पिन माझ्या हातात, वायर जमिनीवर, आणि कार्डावर दिवा! मी मिनिटभर थांबलो. विझेना. मग मागे हात घालून डिस्प्लेपोर्टची केबल उपसली. दिवा गेला. केबल लावली, दिवा आला. काढली, गेला. तिला म्हटलं, आता तू करून बघ. तिने तीनदा केलं.

झालं होतं असं. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत २० पिना असतात. विसावी पिन ३.३ व्होल्टची वीज देण्यासाठी असते, छोट्या कन्व्हर्टरसारख्या जोडउपकरणांना उपयोगी पडावी म्हणून. ही वीज कार्डही देतं आणि मॉनिटरही देतो. म्हणून साध्या केबलमध्ये या दोन विसाव्या पिना तारेने जोडायच्या नाहीत असा नियमच आहे. पण काही केबली हा नियम धाब्यावर बसवून बनवतात, वीसच्या वीस तारा सरळ जोडून टाकतात. मग संगणक बंद असला तरी झोपलेला मॉनिटर आपली ३.३ व्होल्ट वीज कार्डात उलटी ढकलत राहतो. कार्ड धड बंद होत नाही, धड जागं राहत नाही. पुढच्या वेळी बटण दाबलं की ते कोऱ्या स्थितीतून सुरूच होत नाही. रात्री ती सगळ्या घराचे बटण बंद करून झोपायची, मॉनिटरची वीजही जायची, म्हणून सकाळी सगळं ठीक! आणि दुरुस्तीच्या टेबलावर त्यांची स्वतःची एचडीएमआय केबल होती. त्यांच्याकडे ते कधी बिघडणारच नव्हतं.

केबल बदलली. त्यानंतर आजपर्यंत तो संगणक एकदाही अडलेला नाही. चांगला एसएमपीएस आणि चांगलं कार्ड मात्र विनाकारण बदलले गेले, आणि तिचे अठरा दिवस गेले.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहाच मिनिटं आहेत असं दिसतं. मग पायऱ्या भराभर घेतो, लिहून घ्या.

अंधार पहिल्यापासून असेल तर आधी मॉनिटरकडे बघा. तो 'नो सिग्नल' दाखवत असेल तर तो स्वतः शाबूत आहे. त्याचा इनपुट योग्य निवडलाय का पाहा. केबल कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये आहे की वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, हे बोटाने चाचपून बघा. ही चूक सगळ्यात जास्त होते, अनुभवी माणसाकडूनही होते. केबल बदला, पोर्ट बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर संगणक बहुधा जागा आहे, फक्त चित्र पोचत नाही. दिवा हलत नसेल तर कार्डाकडे जायचंच नाही, आधी रॅम आणि प्रोसेसर. बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथे ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज सुरू होणं) असे चार दिवे असतात. जिथे दिवा अडकून राहतो तिथे गाडी थांबली आहे. डीरॅमवर अडकली असताना कार्ड उपसणारे लोक मी पाहिले आहेत, कृपा करून तसं करू नका.

कार्डाचा पंखा फिरत नाही म्हणजे कार्ड उडालं असं धरू नका, आजकालची बरीच कार्डं गार असताना पंखा थांबवूनच ठेवतात. उलट पंखा फिरतोय म्हणून कार्ड चांगलं, हेही धरू नका. पंख्याला फक्त वीज लागते.

विजेचा हिशोब. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनांच्या जोडणीतून १५०. नव्या १६ पिनांच्या जोडणीतून ६०० पर्यंत, पण ती पूर्ण आत बसली पाहिजे, जराही फट नको. कार्ड स्लॉटमध्ये बसताना टोकाचा खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे. आणि हे अधोरेखित करा: मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसरीला लावायच्या नाहीत. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. प्लग नीट बसेल आणि कार्ड खरोखरच जळेल.

कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र येतं का, हे पाहायचं असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते आधी बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यात ते नसतं. तिथे काळा पडदा येणारच, त्यावरून मदरबोर्डला नावं ठेवू नका. खूप जुनं कार्ड नव्या मदरबोर्डवर लावलं असेल तर बायोसमधलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, चालू करून पाहा, जुन्या कार्डांच्या चिपमध्ये यूईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, समजणारा प्रोग्राम नसतो. कार्ड रायझर केबलवर, म्हणजे स्लॉट लांबवणाऱ्या पट्टीवर, उभं बसवलं असेल तर ती केबल काढून थेट स्लॉटमध्ये लावून बघा. स्लॉटच्या वेगाच्या पिढ्या असतात; जुन्या तिसऱ्या पिढीच्या रायझरवर चौथ्या पिढीचं कार्ड बरेचदा अडतं. सगळी वीज तोडून, मदरबोर्डवरचा बायोसचा सेल काढून, पाच मिनिटांनी परत लावणं हाही एक साधा उपाय आहे.

चिन्ह दिसतं आणि विंडोज येताना पडदा जातो, तर हार्डवेअर बहुतेक सुटलं. कारण ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणारा प्रोग्राम, नाहीतर मॉनिटरला न झेपणारं रिझोल्युशन. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही झालं तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर चालणाऱ्या अवस्थेत, जाऊन जुना ड्रायव्हर पुसून टाका.

आणि खेळताना किंवा रेंडर करताना, ताण आल्यावर पडदा जात असेल, तर एसएमपीएस आणि उष्णता. विजेच्या एकाच केबलची दोन टोकं कार्डाला लावली असतील तर दोन स्वतंत्र केबली लावा. इतकं सगळं करून, दुसऱ्या चांगल्या संगणकात, दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या मॉनिटरवरही चित्र आलं नाही, तर मग कार्ड गेलं म्हणा. तेव्हा मीही म्हणेन.

वेळ संपली. प्रश्न घेतो. ती केबल मी सोबत आणली आहे, मागच्या टेबलावर ठेवली आहे, तिच्यावर लाल चिठ्ठी बांधली आहे म्हणजे चुकून कोणी वापरणार नाही. शेजारी मल्टिमीटर आहे. दोन्ही टोकांच्या विसाव्या पिनेवर बारीक टोकं टेकवा, तो बीप करतो ते स्वतः ऐका. घरून आपापली केबल आणली असेल तर तीही तपासून घ्या.