चुकारा कोणाच्या खात्यात आला?

नमस्कार मंडळी. तुम्ही हे ऐकताय तेव्हा निम्म्या बाया पराटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, उभ्या असणार, पोटाशी ओटी बांधलेली, मोबाईल धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवलेला, म्हणून मी आपली जरा मोठ्यानंच बोलते.

आज कार्यक्रमासाठी मला विषय दिलाय, आंतरराष्ट्रीय विकासातली स्त्री-पुरुष समानता आणि मानवी हक्क, आणि त्या कामाचं नेतृत्व. माझी सासू म्हणाली, "एवढं नाव घेता घेताच टाइम संपन तुहा." तर नाव एकदा घेतलं, आता परत घेत नाही.

मी यात पडले बचत गटातून. आधी गटाची सचिव, मग सहयोगिनी, म्हणजे गटांना मदत करणारी, गावोगाव लुनावर फिरायची, आणि मग बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रकल्पात जेंडरचं, म्हणजे बाई-माणसाच्या बरोबरीचं, काम माझ्याकडं आलं. गावात मला जेंडरवाल्या मॅडम म्हणायचे. एका बुढ्याला टेंडर ऐकू आलं, तो म्हणे मॅडम, आमच्या नालीचं काम कधी काढता.

बाहेरचा पैसा म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं ही काहीतरी गुप्त भानगड आहे. रोमला आयफाड म्हणून संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे, ती शेतीसाठी सरकारांना कर्ज देते. आपल्या माविमनं, म्हणजे १९७५ साली निघालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानं, तेजस्विनी कार्यक्रम चालवला तो आयफाडच्याच मदतीनं. असे अजून बरेच प्रकल्प असतात. पैशासोबत फॉर्म येतात, आणि फॉर्ममध्ये बायांचे प्रश्न असतात, ते प्रश्न कोणीतरी लांब बसून लिहिलेले असतात.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, घरातले निर्णय कोण घेतं? नवरा, बायको, की दोघं मिळून. आता यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावात गेलो, तर झाडून सगळ्यांनी सांगितलं, दोघं मिळून. मी पण टिका मारत गेले. शेवटी एका वहिनीच्या घरी चहा प्यायला थांबले, फॉर्म बॅगेत टाकून दिला होता, सहज विचारलं, औंदा कापूस कितीनं गेला?

"ते यायले माहीत."

चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, भेटला का?

"भेटला असन."

कोणाच्या खात्यात?

ती हसायलाच लागली. "माह्या खात्यात त गॅसची सबसिडी येते बाई."

आणि ती ज्या भिंतीला टेकून बसली होती ना, त्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढलेल्या होत्या, कोणत्या बाईनं कोणत्या दिवशी किती किलो वेचला, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, सगळा हिशोब, पाढे पाठ असल्यासारखा तिनं मला वाचून दाखवला. मजुरांचा सगळा हिशोब तिच्याकडं. गाडी भरून जिनिंगला गेली की त्यापुढं तिला एक आकडा माहीत नाही. आणि माझ्या फॉर्मवर काय लिहिलेलं, दोघं मिळून.

मी ऑफिसात सांगितलं, प्रश्न बदला, चुकारा कोणाच्या खात्यात आला ते विचारा, सातबारा कोणाच्या नावावर ते विचारा. वरचे म्हणाले मॅडम, आकडे पडतील, वर काय दाखवायचं? खरं सांगते, पहिल्या वर्षी मी गप्प बसले. पगार होता, पोराची फी होती. दुसऱ्या वर्षी रोमचे नाही पण दिल्लीचे पाहुणे आले, मिशन म्हणतात त्याला, मिशन यायच्या आदल्या दिवशी गावात चुना पडतो. तेव्हा मी त्यांना नेऊन सरळ त्या भिंतीपुढं उभं केलं, बाकी काही बोलले नाही. पुढच्या फॉर्मात प्रश्न बदलला. आकडे पडलेच, भरपूर पडले. मला विचाराल तर या कामातलं नेतृत्व तेवढंच, पडलेला आकडा पडलेलाच वर पाठवायचा आणि मग बोलणी खायची.

हक्क कागदावर नाहीत असं नाही हां. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात सगळे पुरुष अशा अर्थाचे शब्द येणार होते, तिथं भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबेन मेहतांनी ते बदलून सगळी माणसं असं करायला लावलं. १९७९ चा सीडॉ करार आहे, बायांसोबतचा भेदभाव संपवायचा संयुक्त राष्ट्रांचा, भारतानं तो १९९३ ला मंजूर केला, त्यातलं १४ वं कलम खास खेड्यातल्या बायांचं, कर्ज, जमीन, बाजार सगळं आहे त्यात. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा वाटा आपल्या राज्यात १९९४ लाच मिळाला, देशात २००५ ला. आणि तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के. शंभर जणांची नावं वाचली तर चौदा बाया. पराटीत जाऊन मोजा, चौदा असतात का ते.

मधे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हक्कसोड होते, म्हणजे बहीण आपला वाटा सोडल्याची सही करते. भाऊबीजेला बहीण येते, जेवण होतं, चोळी-बांगडी होते, आणि मग भाऊ म्हणतो उद्या जरा रजिस्ट्री ऑफिसला जाऊन येऊ. मी पण गेले होते. हो, मी. लोकांना ट्रेनिंग देत होते त्याच वर्षी सही करून आले, कारण माहेर तुटेल ही भीती, आणि आईनं डोळ्यात पाणी आणलं. नऊवार मिळाली त्या दिवाळीला, जांभळी, अजून नेसले नाही. त्यामुळं कोणी बाई सही करून आली की मी तिला बोल लावत नाही, मला तोंडच नाही.

आता त्या वहिनीचं सांगते. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. जमीन सासऱ्याच्याच नावावर होती, त्यामुळं नवऱ्यामागं तिच्या नावावर काहीच आलं नाही, पेरते ती, निंदते ती, पण कोणत्या योजनेला गेली की म्हणतात सातबारा आणा. कागदाच्या हिशोबानं ती शेतकरीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष जाहीर केलंय, तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग माह्यं नाव कोन्त्या वर्षी लागते ते पण विचारा त्यायले."

मागच्या पावसाळ्यात सासरा पण गेला. दिरांनी वारस नोंद टाकली, त्यात फक्त दोघा भावांची नावं. बरं, आधी मेलेल्या मुलाची बायको आणि लेकरं पण कायद्यानं सासऱ्याची पहिल्या नंबरची वारस असतात, हे गावात कोणालाच माहीत नसतं, किंवा माहीत असून नसतं. तिनं ऑनलाइन सातबारा काढला, १५ रुपये लागतात, फेरफाराची नोटीस लागलेली दिसली, १५ दिवसांच्या आत आक्षेप लिहून दिला. अर्ज स्वतः लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं, तेही मला फार येतं असं नाही.

दिरांनी बोलणं सोडलंय. सासूनं औंदा सीतादईला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याच्या पूजेला, तिला बोलावलं नाही, तर तिनं तिच्या वाट्याच्या तासात एकटीनंच दहीभात ठेवला आणि वेचा सुरू केला.

मंगळवारी मंडळ अधिकाऱ्याकडं तारीख आहे, तिच्यासोबत गटाच्या बाया जाणार, मी पण जाणार. म्हणून येत्या मंगळवारचा आपला कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवलाय, बोंडअळीवर आहे. सहायक कृषी अधिकारी साहेब बोलतील, ऐका.