शंभरच्या घरात गाडी का थरथरते?

नमस्कार श्रोतेहो. आज गाडीच्या थरथरीबद्दल बोलू. गावात, बाजाराला, तालुक्याच्या रस्त्यावर गाडी गुमान चालते. समृद्धीवर चढली, काटा नव्वदच्या पुढं सरकला, की स्टेअरिंग हातात नाचायला लागतं. ही तक्रार आताशा जास्त ऐकू येते. येणारच. आपल्या जुन्या रस्त्यांवर नव्वदला पळवायची सोय होती कुठं? चाकाचा हादरा कोणता आणि खड्ड्याचा कोणता, कळायचंच नाही. समृद्धीवर मोटारीला 120 ची मर्यादा आहे, आणि तिथं चाकातलं सगळं उणंदुणं बाहेर पडतं.

तर पहिली गोष्ट. थरथर कुठं लागते ते बघा. स्टेअरिंगला लागत असेल तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत. सीटला, पायाखाली लागत असेल तर मागच्या चाकांत. पुन्हा सांगतो: हाताला लागली तर पुढची, बुडाला लागली तर मागची.

दुसरी गोष्ट, कधी लागते? फक्त ब्रेक दाबल्यावर लागत असेल तर ब्रेकची डिस्क तपासा. ॲक्सिलरेटर दाबला की सुरू आणि पाय उचलला की बंद, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट बघायला सांगा. आणि ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, फक्त ठरावीक वेगालाच येत असेल, तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नाही.

आता माझ्या साडूंची गोष्ट ऐका. परतूरकडं त्यांची शेती, सोयाबीन आणि कापूस. दुसऱ्याकडून घेतलेली पांढरी मोटार. लेक नागपूरला दिलेली. ऐन पावसाळ्यात जालन्याजवळ समृद्धीवर चढले आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. शहरातल्या एका दुकानात चाकं मशीनवर चढवली, शिशाचे तुकडे ठोकून घेतले. गाडी लोण्यासारखी चालली. परत येताना मेहकरच्या आसपास एकदम पहिल्यापेक्षा जोरात हादरे! पुन्हा दुकान, पुन्हा शिसं, पुन्हा दोन दिवस बरं, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, टायर बदला. बदलले. थरथर कायम. मग साडूंनी आधी सिमेंटच्या रस्त्याला शिव्या घातल्या, मग गाडी विकणाऱ्याला, आणि शेवटी साडेसातीवर आले. पुढं लिंबू-मिरची लटकायला लागली. रोज संध्याकाळी मला फोन, "दाजी, गाडी काढून टाकू का?"

म्हटलं, काढायच्या आधी इकडं घेऊन या. आमच्या कोपऱ्यावर पंक्चरवाले चाचा बसतात. मशीन नाही, बोर्ड नाही, एक कंप्रेसर आणि एक स्टूल. चाचांनी चाक उतरवलं, आडवं टाकलं, आतल्या बाजूला टॉर्च मारला आणि काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "खुरपं आहे का?" शेतकऱ्याच्या डिकीत खुरपं नसेल असं होतं का! रिमच्या आतल्या खोबणीत काळ्या मातीचा थर, वाळून टणक झालेला. चाचा खरवडतायत आणि ढेकळं पडतायत. चारही चाकांची मिळून पाटी भरत आली, तसे चाचा म्हणाले, "सातबाऱ्यावरची जमीन चाकात भरून नागपूरला नेताय की हो!"

झालं काय होतं? पाणंदीतून शेतात जाताना चिखल आत चिकटला. दुकानात कुणी चाक उलटून पाहिलंच नाही. बॅलन्सिंग झालं ते मातीसकट. माती वाळली, तिचं एखादं ढेकूळ निखळलं की तिच्यासाठी ठोकलेलं शिसंच जास्तीचं वजन ठरायचं. म्हणून दरवेळी बरं वाटून पुन्हा बिघडायचं. दुकानात नुसतं बॅलन्सिंग करा म्हणू नका. जुनं शिसं काढा, रिम आतून साफ करा, मग मशीनवर चढवा, असं सांगा. आधी साफ, मग बॅलन्स.

इवल्या मातीनं एवढं होतं का? होतं. लहान मोटारीचं चाक शंभरच्या वेगाला सेकंदाला पंधरा वेळा फिरतं. रिमच्या काठावरचं 20 ग्रॅम जास्तीचं वजन तेव्हा साधारण साडेतीन किलोच्या जोरानं चाक ओढतं. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. म्हणून पन्नासला काहीच कळत नाही.

साफ करायला बादलीभर पाणी आणि ब्रश पुरतो, बरं का. तेवढ्यासाठी पाइप लावून अंगण वाहवणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आणि आपल्याला मोटार रोज चकचकीत पाहिजे! असो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ जुळवणं, हे वेगळं काम. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनं झिजत असेल, तर अलाइनमेंट. नुसत्या थरथरीवर त्याचे पैसे घालू नका. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिलीच, तर रिम वाकली आहे का ते चाक फिरवून बघायला सांगा. खड्ड्यात आदळलेल्या चाकाचं हेच होतं.

आणि दोन गोष्टींत चालढकल करायचीच नाही. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर त्या टायरवर हायवेला जायचं नाही, स्टेपनी लावा. आणि चाक काढून बसवल्यावर लगेच थरथर सुरू झाली, तर नट ढिले असू शकतात. नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. पण चालत्या गाडीत शंका आली, तर पुढच्या पंपाची वाट बघू नका. वेग हळूहळू कमी करा, गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि आधी नट बघा.