सिरॅमिक हॉबची निगा: काय गार झाल्यावर पुसावे, काय गरम असतानाच काढावे

नमस्कार मंडळी. विषय ओट्यावरचाच आहे, पण आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. हॉब म्हणजे ओट्यावर बसवलेली सपाट शेगडी. मुंबईच्या बाजारात ‘काचेचा हॉब’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. गॅसच्या बर्नरखाली जी काळी चकचकीत काच असते ती बहुधा टफन्ड काच, म्हणजे तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन गार केलेली आणि त्यामुळे बळकट झालेली साधी काच असते. भांडे तिच्यावर टेकत नाही आणि ती फारशी तापावी अशी अपेक्षाही नसते. तापलेल्या टफन्ड काचेवर गार पाण्याचे फडके टाकू नये आणि तिच्यावर ब्लेड चालवू नये. तिची निगा एवढ्या दोन सूचनांत आटोपते. विजेवरच्या रेडियंट (काचेखालच्या लाल तापणाऱ्या कॉइलच्या) आणि इंडक्शन हॉबवर मात्र काच-सिरॅमिकचा, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो आणि भांडे थेट त्याच्यावरच बसते. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या वस्तूविषयी.

हा पदार्थ अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने हाती लागला. १९५३ साली डोनाल्ड स्टुकी काचेचा एक तुकडा भट्टीत तापवत होते. भट्टी ६०० अंशांवर थांबायला हवी होती, पण बिघाडामुळे ती ९०० अंश सेल्सियसपर्यंत गेली. काच वितळून भट्टी खराब झाली असेल असे त्यांना वाटले, पण तुकडा जसाच्या तसा, फक्त पांढरा आणि अपारदर्शक झालेला निघाला. आणि चिमट्यातून निसटून तो जमिनीवर पडला तेव्हा फुटलाही नाही. काचेच्या पोटात सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. याच वाटेने पुढे स्वयंपाकाच्या पृष्ठभागासाठी वेगळे मिश्रण बनवले गेले आणि १९७१ च्या सुमारास जर्मनीच्या शॉट कंपनीने काच-सिरॅमिकचा हॉब लोकांपुढे आणला. या मिश्रणात लिथियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका असतात. त्यातले स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात, त्यांच्याभोवतीची काच किंचित पसरते, आणि दोन्ही मिळून पत्रा जवळजवळ आहे तेवढाच राहतो. म्हणून लालभडक कॉइलच्या वरचा भाग कमालीचा तापलेला आणि वीतभर अंतरावरचा भाग हात ठेवण्याइतका कोमट असला, तरी काच तडकत नाही.

हॉब घेणाऱ्याच्या मनात नेमकी उलटी भीती असते. उष्णतेने काच जाईल, असे वाटून लोक घाबरतात; प्रत्यक्षात या काचेचे नुकसान होते ते भांड्याच्या बुडाखाली आणि आजूबाजूला जे सांडलेले राहते त्याने. त्यातही सर्वांत घातक गोष्ट कोणती, तर साखर.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चिक्कीच्या गुळाचा पाक उकळत असतो, त्यातला चमचाभर कढईच्या कडेवरून ओघळतो आणि काचेवर पसरतो. तेलाचा किंवा डाळीचा डाग असता तर तो नंतर पुसला तरी चालला असता. पण वितळलेला गूळ काचेला घट्ट धरून बसतो, आणि गार होऊ लागला की बराच आकसतो. खालची काच मात्र आकसायला तयारच नसते. तिचा जो गुण मी आत्ता सांगितला तोच येथे अंगाशी येतो. आकसणारा पाक काचेला ओढत राहतो आणि शेवटी तिचा शिंपल्यासारखा पातळ पापुद्रा उचकटून आपल्याबरोबर घेऊन येतो. सकाळी उठून कडक झालेला पाक खरवडायला जावे, तर तो सहज निघतो आणि खाली एक खळगा दिसतो. तो खळगा भरून येत नाही. कोणतेही क्रीम किंवा पॉलिश त्यावर उपयोगी पडत नाही.

म्हणून पाक, जॅम, गुळांबा, उकळून आटवलेले दूध किंवा बासुंदी यांपैकी काहीही सांडले, तर ते गरम असतानाच काढले पाहिजे. आच बंद करावी, हातात जाड मोजा घालून भांडे उचलावे आणि लांब दांड्याच्या स्क्रेपरने, म्हणजे ब्लेड लावलेल्या खरवडणीने, सांडलेला पाक तापलेल्या वर्तुळाबाहेर, गार भागाकडे ओढून घ्यावा. यात ओले फडके वापरू नये, कारण त्यातून उठणारी वाफ हात भाजते. उरलेला पातळ थर काच गार झाल्यावर नेहमीच्या पद्धतीने निघतो. मोदकाचे सारण किंवा पुरण शिजवताना स्क्रेपर खणात न ठेवता ओट्यावर हाताशी ठेवावा, एवढे मी आवर्जून सांगेन.

दुधाची पिशवीही याच वर्गात मोडते. कोपरा कापून दूध पातेल्यात ओतले की रिकामी पिशवी बाजूला टाकायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि हॉब सपाट असल्याने तो ओट्याचाच भाग वाटतो. प्लास्टिक वितळून चिकटले, तर तेही गरम असतानाच ओढून घ्यावे लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलला तर रेडियंट हॉबच्या जवळ येऊ देऊ नये. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि काचेवर कायमचे बसते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे पाणी आटून कोरडे तापत राहिले तरी तोच धोका असतो.

बाकी सर्व डागांना नियम उलटा लागू होतो: आधी गार होऊ द्यावे. हॉबवर ‘एच’ हे अक्षर पेटलेले असेल, तोवर काच हात लावण्यासारखी नाही असे समजावे. ते विझले की पिळलेल्या मऊ फडक्यावर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घेऊन पुसावे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढावा आणि कोरडे करावे. साबण पूर्ण काढण्यावर मी जोर देतो, कारण उरलेला थर पुढच्या वेळी तापतो आणि इंद्रधनुषी किंवा तपकिरी डाग पडतो. मग तो डाग काढायला आणखी साबण लावला जातो! खिडकीच्या काचांसाठीचा अमोनियायुक्त फवाराही याच कारणाने येथे टाळावा.

कुकरच्या शिट्टीतून उडालेले हळदीचे पाणी किंवा उतू गेलेली भाताची पेज करपून बसली असेल, तर ओले फडके पंधरा-वीस मिनिटे त्यावर ठेवून थर मऊ होऊ द्यावा. नंतर ब्लेडचा स्क्रेपर साधारण तीस अंशांच्या कोनात टेकवून पुढे सरकवावा. काचेवर ब्लेड चालवायला लोक कचरतात, पण स्वच्छ, खांडा न पडलेले ब्लेड सपाट चालवले तर ओरखडा उठत नाही. ओरखडा उठतो तो मेथीच्या जुडीतून आलेल्या वाळूच्या कणाने, कारण वाळू या काचेपेक्षा कठीण आहे. कढई ठेवण्यापूर्वी काच आणि कढईचे बूड, दोन्हींवरून हात फिरवून पाहावा, आणि भांडे सरकवू नये, उचलावे. मुंबईच्या पावसाळ्यात ब्लेड आठवड्याभरात गंजते. गंजलेले ब्लेड फेकून द्यावे.

तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी, भांड्यांची पावडर आणि राख या चारही गोष्टी काचेला आणि तिच्यावर छापलेल्या वर्तुळांना घासून काढतात. घरोघरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या हाती ज्या वस्तू आपण देतो त्यांनीच त्या सगळे घासतात. हॉबचे फडके वेगळ्या रंगाचे ठेवावे आणि ते दुसऱ्या कशालाही लावू नये, हा सरळ उपाय आहे.

काचेवर चंदेरी-करड्या रेघा दिसल्या की ओरखडे पडले असे समजून पुष्कळ लोक हळहळतात. बहुधा ते ओरखडे नसतात, तर अ‍ॅल्युमिनियमच्या बुडाने सोडलेला धातू असतो, जसा पाटीवर पेन्सिलीचा उठतो. नखाला खाच लागली नाही, तर हॉबच्या क्लीनिंग क्रीमने ती रेघ निघते. मात्र तिच्यावर पुन्हा पुन्हा तापवत राहिले तर ती पक्की होत जाते. पांढुरके ठिपके पाण्यातल्या क्षारांचे असतात. तानसा, वैतरणा, भातसाकडून येणाऱ्या पाण्याने ते कमी पडतात. इमारतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर जास्त. गार काचेवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाच मिनिटे ठेवून पुसला की ते जातात.

राहता राहिला तडा. ही काच सर्व बाजूंनी सारखा भार सोसते, पण वरच्या कपाटातून खलबत्त्यातला बत्ता टोकावर पडला, तर तो एका बिंदूवरचा घाव तिला सोसवत नाही. केसाएवढी रेघ दिसली तरी हॉब त्या क्षणी बंद करावा आणि त्याचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा सुरक्षा-खटका) खाली पाडावा, कारण उकळते पाणी त्या फटीतून विजेच्या भागांपर्यंत जाऊ शकते. चिकटपट्टी, अरल्डाइट, सिलिकॉन यांपैकी काहीही लावून तो चालू ठेवू नये. अशी काच दुरुस्त होत नाही, पूर्ण पत्राच बदलावा लागतो, आणि तो कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावा.