आधी बसायची जागा, मग पडदा

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, होम थिएटर करायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, पडदा किती इंची? मी म्हणतो, पडद्याचं राहू द्या, आधी सोफा कुठे राहणार ते सांगा. तो फार सरकत नाही. इकडे भिंतीला टेकतो, तिकडे दार अडवतो. जे हलणार नाही, तिथून मोजायला सुरुवात करायची.

१२ बाय १५ फुटांची खोली धरा. सोफा मागच्या भिंतीपासून थोडा पुढे घेतला की डोळ्यांपासून पडद्यापर्यंत ११ फूट, म्हणजे १३२ इंच राहतात. त्याला दीडने भागा. ८८ इंच आले, ही पडद्याची रुंदी. दुकानदार सांगतो तो आकडा कर्णाचा असतो, आणि १६:९ च्या पडद्यात रुंदी कर्णाच्या साधारण ८७ टक्के भरते. म्हणजे तुमचा पडदा १०० इंची, त्याची रुंदी ८७ इंच. एवढ्या अंतरावरून चित्र नजरेचा जवळपास ३७ अंशांचा कोन व्यापतं. सिनेमासाठी ३० ते ४० अंश चांगले मानतात. त्याहून कमी असेल तर मोठा टीव्ही पाहिल्यासारखं वाटतं, जास्त असेल तर मान फिरवत बसावं लागतं.

तरी नुसत्या गणितावर पैसे टाकू नका. जुनी वर्तमानपत्रं जोडून ८७ बाय ४९ इंचांचा चौकोन भिंतीवर चिकटवा आणि चार दिवस राहू द्या. घरातल्या आजींना समोर बसवा, त्यांची मान वर जाते का बघा. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर येतात. ते चित्राच्या खालच्या एक-तृतीयांशात असावेत. त्यासाठी चित्राची खालची कड २८ इंचांवर घ्या.

आता प्रोजेक्टर. त्याच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो. त्याला पडद्याच्या रुंदीने गुणलं की लेन्स पडद्यापासून किती अंतरावर हवी ते कळतं. १.५ ते १.८ असेल तर आपल्या ८७ इंचांसाठी साधारण ११ ते १३ फूट. यंत्राची स्वतःची लांबी आणि मागे वायरींना, हवेला लागणारी जागा वेगळी धरा.

आणि मग येतो पंखा. मनीषनगरच्या माझ्या घरी मी प्रोजेक्टर स्लॅबला चिकटवून बसवला. रात्री उकडायला लागलं म्हणून पंखा लावला, आणि चित्र लुकलुकायला लागलं. पाती झोत कापत होती. लेन्स पात्यांच्या खाली आणली तर हा त्रास जातो, पण तेवढ्यानं भागत नाही. चित्राची वरची कड ७७ इंचांवर आणि लेन्स ९६ इंचांवर, म्हणजे दीड फुटाहून जास्त फरक. लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता चित्र वर-खाली सरकवायची सोय, नसलेलं यंत्र मग खाली झुकवावं लागतं आणि चौकोन तिरपा होतो. तो कीस्टोनने, म्हणजे यंत्रातल्याच चित्र सरळ करायच्या सोयीने, सरळ करता येतो, पण त्यात पिक्सेल वाया जातात, कडा मऊ पडतात. पैसे मोजून घेतलेली स्पष्टता अशी घालवू नका. लेन्स शिफ्टवालं यंत्र घ्या, नाहीतर यंत्र लांब रॉडवर खाली आणा. मी मधला पंखा काढून भिंतीवर दोन लावले, आणि माझ्या मते तेच बरं.

उन्हाळ्याचंही बोललं पाहिजे. बहुतेक प्रोजेक्टरना खोलीचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पार जातो. म्हणून कूलर लावता, ठीक आहे, पण त्याचा ओला, धुळीचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नका. गरम हवा सोडणाऱ्या जाळीसमोर भिंत नको. फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटका.

रंगकाम सुरू व्हायच्या आधी भिंतीत पाइप टाकून घ्या. तो दीड इंचाहून बारीक नको, आणि कोपऱ्यात एल्बोऐवजी लांब वळण द्या. एचडीएमआय वायरीचं डोकं त्यातून सुटायला हवं.